दवाखान्यात थेरपी डॉग: आपल्या बेळगाव भागात हे सुरू करता येईल का?

राकसकोप

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय मांडते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावात काम करते. पक्षाघात, डोक्याला मार, मणक्याचं ऑपरेशन असे पेशंट आमच्याकडे महिनोन्‌महिने येत राहतात. खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल, पलीकडून चंदगड, कधी दोडामार्गाकडचेही. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस असतं आणि पेशंटइतकेच त्याचेही हाल होतात. परदेशात अशा पेशंटांना आणि त्यांच्या नातेवाइकांना भेटायला तयार केलेली कुत्री नेतात. मुंबई-पुण्यातही हे काम चालतं. आपल्याकडे ते नियमांत बसवून सुरू करता येईल का, हे विचारायला धागा काढलाय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण यात नेहमी गल्लत होते. अंध माणसाला रस्ता दाखवणारा किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारा असतो तो सर्व्हिस डॉग. तो एकाच माणसाचा असतो आणि सदैव त्याच्याबरोबर राहतो. थेरपी डॉग हा कुणाच्या तरी घरचाच, शांत स्वभावाचा कुत्रा. ठरल्या वेळी मालकाबरोबर दवाखान्यात येतो, अनोळखी माणसांना अंगावर हात फिरवू देतो आणि मालकाबरोबर घरी जातो.

पुण्यात शिकत असताना मी हे जवळून पाहिलं. पक्षाघात झालेल्या एक मावशी होत्या. उजवा हात छातीशी आवळलेला, मूठ घट्ट मिटलेली. आम्ही हातात मऊ चेंडू द्यायचो, तर त्या चेंडूकडे बघायच्याही नाहीत. एक दिवस लॅब्रॅडोर आला आणि त्यांच्या खुर्चीला टेकून बसला. त्यांनी आधी डाव्या हातानं त्याचं डोकं कुरवाळलं. मग त्याला आणणाऱ्या ताईंनी विचारलं, "याचे केस विंचरून देता का?" आणि ब्रश उजव्या हाताकडे धरला. मावशींनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, ब्रश धरला आणि कुत्र्याच्या पाठीवरून ओढला. चार-पाच इंच असेल. पुन्हा ओढला. आम्ही ज्या हालचालीसाठी आठवडेच्या आठवडे विनवण्या करत होतो तीच हालचाल होती ती. खांदा पुढे, कोपर सरळ, मनगट वर. फक्त आता त्यांना ती करायची होती. त्यांच्या सूनबाई भिंतीला टेकून रडत होत्या, आणि थोड्या वेळानं त्याही खाली बसून कुत्र्याच्या कानामागे खाजवायला लागल्या.

मला वाटतं, आपल्याकडे सुरुवात करायची तर वॉर्डातून करू नये. फिजिओथेरपीच्या हॉलमधून आणि नातेवाईक ताटकळत बसतात त्या जागेतून करावी. तुमचं काय मत?

खानापूरकर

ताई, विषय फार चांगला काढलासा. आमच्या दादांना ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा आम्ही भावंडं आयसीयूच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये राहिलेलो. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत सोडायचे, तेही एकालाच. बाकी सगळा वेळ नुसतं बसायचं. चटई, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. नाव दुसऱ्याचं पुकारलं की सगळे परत खाली बघणार.

आमच्या शेजारी कणकुंबीकडची एक बाई होती, तिचा पोरगा मोटारसायकलवरून पडलेला. ती कुणाशी बोलायचीच नाही. जेव म्हटलं तर जेवायची नाही. गेटबाहेरच्या चहाच्या गाड्याजवळ एक तपकिरी कुत्री असायची. संध्याकाळी ही बाई आपल्या वाटणीची भाकरी नेऊन तिला घालायची आणि तिथंच पायरीवर तिच्याशी बोलत बसायची. पोराचं सगळं तिला सांगायची, काय खातो, शाळेत कसा होता. आम्हाला एक अक्षर सांगितलं नाही, पण त्या कुत्रीला सगळं सांगितलं.

म्हणून म्हणतो, नातेवाइकांसाठी आधी करा. पेशंटला निदान डॉक्टर, सिस्टर बघतात. बाहेर बसलेल्याला कोण बघतंय वो?

हिंडलगा_रोड

मला कुत्र्यांचा राग नाही, पण कुणीतरी दुसरी बाजू मांडायलाच हवी. जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त एकट्या भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरकारी दवाखान्यात रोज चावा घेतलेली माणसं इंजेक्शनच्या रांगेत असतात, त्यात लहान मुलं किती तरी. त्याच दारातून तुम्ही कुत्रा आत नेणार. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातून भटकी कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका असं सांगितलं. एकीकडे हटवायची आणि दुसरीकडे आणायची, हे लोकांना कसं समजावणार?

आणि आणखी एक. माझ्या आईला अ‍ॅडमिट केलं होतं तिथे नातेवाइकांना झोपायला धड जागा नव्हती, बायकांच्या संडासाला कडी नव्हती. आधी ते व्हायला नको का? खानापूरकर दादा, त्या बाईंना कुत्री मिळाली हे ठीक आहे, पण तिला खरं तर तिच्याशी बोलणारं माणूस मिळायला हवं होतं.

राकसकोप

दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे. कडी आधी, यात वादच नाही. पण कडी बसवण्याचा खर्च कुत्र्यामुळे अडत नाही. हे काम स्वयंसेवक करतात, दवाखान्याला त्यासाठी परवानगी द्यावी लागते, जागा द्यावी लागते आणि एक जबाबदार माणूस नेमावा लागतो.

न्यायालयाचा आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल आहे. थेरपी डॉग मालकाचा, लस घेतलेला, पट्ट्यात बांधलेला असतो. तरीही लोकांच्या मनात दोन्ही एकच वाटणार हे खरं आहे, म्हणून तर अपघात विभाग आणि इंजेक्शनची ओपीडी असलेल्या दारातून कुत्रा न्यायचाच नाही. वेगळी वाट, वेगळी वेळ.

माणूस मिळायला हवं होतं, याबद्दल थोडं लिहिते, कारण नेमका हाच प्रश्न संशोधकांनीही विचारलाय. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या यूसीएलए दवाखान्यात हृदयाचं काम मंदावलेल्या ७६ पेशंटांचे तीन गट केले. एका गटाकडे स्वयंसेवक कुत्रा घेऊन १२ मिनिटं गेला, दुसऱ्याकडे नुसता स्वयंसेवक गेला, तिसऱ्याकडे कुणीच नाही. कुत्र्याबरोबरच्या भेटीनंतर पेशंटांची चिंता मोजणारा आकडा २४ टक्क्यांनी उतरला, नुसत्या माणसाच्या भेटीनंतर १० टक्क्यांनी, आणि तिसऱ्या गटात काही फरक नाही. म्हणजे माणसाचाही उपयोग होतोच. कुत्रा बरोबर असला की तो वाढतो. हा अभ्यास २००७ साली छापून आला. २०२२ मध्ये कॅनडातल्या सस्काचेवान विद्यापीठानं अपघात विभागातल्या जवळपास २०० पेशंटांवर असंच पाहिलं. थेरपी डॉगबरोबरच्या १० मिनिटांनी पेशंट स्वतः सांगत होते ती वेदना कमी झाली होती. यानं आजार बरा होतो असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही.

आणि हे काही कालचं खूळ नव्हे. दीर्घ आजारी माणसाला छोटा पाळीव प्राणी उत्तम सोबत करतो, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलंय. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीमध्ये विल्यम विन नावाचा अमेरिकन सैनिक डेंग्यूनं दवाखान्यात पडला. मित्रांनी त्याची स्मोकी नावाची चिमुकली यॉर्कशायर टेरियर भेटायला आणली आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला बाकीच्या जखमी सैनिकांकडेही जाऊ दिलं. १९४४ची गोष्ट. पुढे न्यूयॉर्कमधले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे कुणाशीच न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेच्या बराच आधी आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स कुत्रा खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. लेविन्सननी १९६०च्या दशकात त्यावर लिहिलं तेव्हा त्यांच्या व्यवसायातल्या लोकांनी बरीच टर उडवली. १९७६ मध्ये इलेन स्मिथ या नर्सनं अमेरिकेत थेरपी डॉग्ज इंटरनॅशनल ही संस्था काढली. इंग्लंडमध्ये काम करताना एक धर्मगुरू आपला गोल्डन रिट्रीव्हर घेऊन पेशंटांना भेटायला यायचे ते तिनं पाहिलं होतं. म्हणजे हे काम पुढे नेणाऱ्यांत नर्स आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

निपाणीची_सिस्टर

नर्सचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी आमच्या दवाखान्यात जंतुसंसर्ग नियंत्रणाचं काम बघते. माझं पहिलं उत्तर "नको" असंच आलं असतं, पण नियम वाचल्यावर वाटतं की काटेकोर राहिलं तर जमेल.

अमेरिकेतल्या दवाखान्यातल्या संसर्गतज्ज्ञांच्या संस्थेनं, शी (SHEA) म्हणतात तिला, २०१५ मध्ये यावर सविस्तर मार्गदर्शन दिलं. भेटीसाठी फक्त कुत्रा न्यावा, मांजर-ससा नको. वय किमान एक वर्ष, शक्यतो दोन. एका वेळी एकच कुत्रा आणि त्याच्याबरोबर त्याचाच माणूस. पट्टा आखूड, सहा फुटांच्या आत. भेटींचा एकूण वेळ तासाभराच्या वर नको. कच्चं मांस खाणारा कुत्रा अजिबात चालत नाही, शेवटचं कच्चं मांस खाऊन ९० दिवस झालेले असायला हवेत. आपल्याकडे हा मुद्दा महत्त्वाचा, कारण कुत्र्याला कोंबडीची कच्ची आतडी, पाय घालणारे घरोघरी आहेत. जुलाब-ताप आणणारा साल्मोनेला जंतू तिथून येतो.

सगळ्यात मोठी गोष्ट हात. पेशंटनं कुत्र्याला हात लावायच्या आधी आणि नंतर हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं जंतुनाशक. नातेवाइकानं तसंच. कुत्रा धरणाऱ्यानं दोन पेशंटांच्या मध्ये. यात एकानंही टाळाटाळ केली तर त्या दिवशीची भेट बंद, मग समोर कुणीही असो. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी कॅन्सरच्या मुलांबरोबर अभ्यास केला. कुत्र्याशी जास्त खेळलेल्या मुलांच्या अंगावर एमआरएसए हा औषधांना दाद न देणारा जंतू जास्त सापडत होता. कुत्रा एका मुलाकडून दुसऱ्याकडे जंतू नेत होता, जसा आपण वॉर्डात एकच बीपीचा पट्टा सगळ्यांना वापरतो तेव्हा होतं. मग कुत्र्याला भेटीआधी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूनं आंघोळ घातली, भेटीत दर पाच-दहा मिनिटांनी क्लोरहेक्सिडीनच्या ओल्या पुसणीनं अंग पुसलं, तर तो धोका बराच खाली आला. म्हणजे उपाय आहे, पण तो दर वेळी करायचा आहे.

कुणाकडे न्यायचाच नाही तेही सांगते. केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेले, प्लीहा काढलेले, भाजलेले, उघड्या जखमांचे, आयसोलेशनमधले. दम्याचे आणि केसांची अ‍ॅलर्जी असलेले तर विचारूनच. स्वयंपाकघर आणि औषधं बनवायची खोली यांच्या आसपासही नाही. आणि पलंगावर चढवायचाच असेल तर मध्ये स्वच्छ चादर, भेट झाली की ती चादर थेट धुण्याला. मला विचाराल तर पहिलं वर्षभर पलंगावर नकोच. ताई म्हणतात तसं हॉलमध्ये करा.

अझमनगर

सिस्टर, छान लिहिलंत. एक विनंती. आमच्या घरातली मोठी माणसं कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर कपडा धुतल्याशिवाय नमाज पढत नाहीत. माझी अम्मी दवाखान्यात असताना तिच्या शेजारच्या पलंगापाशी कुत्रा आला असता तर ती तोंडानं काही बोलली नसती, पण दिवसभर अस्वस्थ राहिली असती. म्हणून ज्याला भेटायचंय त्याची परवानगी पुरत नाही, त्या खोलीतल्या सगळ्यांना विचारायला हवं, आणि "नको" म्हणणाऱ्याला कारण विचारू नये. मला स्वतःला कुत्री आवडतात, आमच्या शेतावर आहे एक. पण आजारी माणसाला नाही म्हणायला जड जातं, त्यातून विचारणारा पांढऱ्या कोटातला असेल तर आणखी जड.

परवानगीचा कागद कन्नड, मराठी आणि उर्दूत हवा. कन्नड आणि उर्दू मी लिहून देतो.

अथणीकर

आमच्याकडे मंगसुळीचा खंडोबा. त्याच्या पायाशी कुत्रं असतंच, वाघ्ये कोटंब्यातून भंडारा उधळतात. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री तर घराघरात. माझी आजी दाराशी आलेल्या कुत्र्याला अर्धी भाकरी घातल्याशिवाय जेवायची नाही. आमच्या भागातली माणसं मिरजेला जास्त जातात, वानलेस दवाखाना १८९४ पासूनचा, पणजोबाही तिथेच गेलेले. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात सगळ्यात जास्त काय खातं माहीत आहे? गोठा, अंगण, कोंबड्या, कुत्रं काही म्हणजे काही दिसत नाही. चार पांढऱ्या भिंती आणि सलाईन. आजीला शेवटी कुणी पाच मिनिटं जरी कुत्रं दाखवलं असतं तरी तिनं डोळे उघडून त्याला काहीतरी बोललं असतं, हे मी खात्रीनं सांगतो.

मुधोळवाला

मुधोळ हाउंडचा विचार कुणी केला का? आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातली जात. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज राजाला जोडी भेट दिली. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं. तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, लष्करानंही पिल्लं नेली. सगळ्या कामाला लॅब्रॅडोर कशाला? आखूड केसांचा, स्वच्छ, आपल्या हवेत काटक असा कुत्रा इथेच आहे.

पुण्यात_बेळगावकर

मी मूळचा शहापूरचा, सध्या पुण्यात. आमची गोल्डन रिट्रीव्हर घेऊन मी दवाखान्यात आणि मतिमंद मुलांच्या शाळेत जातो. प्रश्न बरेच आलेत, जमेल तसं सांगतो.

मुधोळवाले दादा, मुधोळ मला फार आवडतो. पण ती नजरेनं सावज टिपून पळणारी शिकारी जात आहे, घरच्यांना जीव लावते आणि परक्यानं एकदम हात लावलेला बहुतेकांना खपत नाही. हा तिचा दोष नाही, त्याच गुणासाठी तिला शेकडो वर्षं जपलंय. तरीही एखादा मुधोळ निघेल जो अनोळखी माणसाच्या मांडीवर आपणहून डोकं ठेवेल. तो चालेल. गावठी कुत्राही चालेल. जात बघायची नसते, ते एक कुत्रं बघायचं असतं.

ते कसं बघतात? तपासणीत अनोळखी माणूस काठी टेकत, लंगडत जवळ येतो. कुणीतरी मागे स्टीलचं ताट पाडतं. व्हीलचेअर अंगावरून गेल्यासारखी जवळून जाते. दोन-तीन जण एकदम गराडा घालतात. कुणी शेपूट ओढतं, कुणी वेडावाकडा हात फिरवतं, कारण पक्षाघाताच्या माणसाचा हात तसाच फिरणार. समोर बिस्कीट टाकून "नको" म्हणतात, कारण वॉर्डात फरशीवर गोळी पडलेली असू शकते. यात दचकलं तर चालतं. दचकून किती लवकर सावरतं ते पाहतात. गुरगुरलं की संपलं.

पण अर्धी तपासणी माणसाची असते. धरणाऱ्याला कुत्र्याचं तोंड वाचता यायला हवं. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणं, मान फिरवून घेणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग कोरडं असताना झटकणं, शेपूट पोटाशी. ही सगळी "मला पुरे" अशी खूण आहे. ती दिसली की समोर कलेक्टर साहेब असले तरी हसून उठायचं. आमची कुत्री एकदा एका लहान मुलीजवळ अगदी मजेत पडून होती. मुलीच्या काकांनी फोटोसाठी तिची मान धरून कॅमेऱ्याकडे वळवली. तिनं ओठ चाटले, मग पंजा उचलून धरला. मी तिथेच थांबवलं. काका नाराज झाले, मुलगी मात्र म्हणाली, "तिला झोप आलीय, जाऊ दे." फोटो हा या कामातला सर्वांत मोठा त्रास आहे, हे लिहून ठेवा. पहिल्या दिवसापासून फोटो बंद ठेवा. पेशंटच्या खासगीपणासाठीही आणि कुत्र्यासाठीही.

हिंडलगा रोड दादांनी माणूस हवं म्हटलं ते मला मनापासून पटलं. बऱ्याचदा कुत्रं फक्त दार उघडतं. नातेवाईक कुत्र्याला कुरवाळत कुत्र्याकडे बघूनच बोलायला लागतात, "आमच्याकडे पण होता असा, मोत्या नाव, आता बाबा घरी आले की त्यालाच विचारतील." मी नुसतं ऐकतो. अशा वेळी सल्ला द्यायचा नाही, बरे होतील म्हणायचं नाही, आजार काय विचारायचंही नाही. आणि आपल्या भागात धरणाऱ्याला कन्नड आणि मराठी दोन्ही समजायला हवी, नाहीतर गोकाकची आई बोलायला लागेल आणि तो नुसता मान हलवेल.

कुडची_लाईन

आयसीयूत नेता येईल का? माझा भाऊ तिथे आहे आत्ता. त्याचा कुत्रा राजा घरी दाराकडे तोंड करून बसलाय.

निपाणीची_सिस्टर

दादा, घरच्या कुत्र्याची भेट आणि थेरपी डॉगची भेट यांचे नियम वेगळे असतात. काही ठिकाणी घरचा कुत्रा आणू देतात, पण तो एकाच पेशंटसाठी, बाकी कुणाला हात लावू न देता. आयसीयूत आपल्याकडे कुणी परवानगी देईल असं वाटत नाही आणि व्हेंटिलेटर, नळ्या असताना द्यावी असंही मला वाटत नाही. तुम्ही असं करा, राजाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून सिस्टरना विचारून भावाच्या कानाशी लावा. व्हिडिओ कॉलही बऱ्याच ठिकाणी करू देतात. वॉर्डात हलवल्यावर खुर्चीतून खाली बागेत न्यायला मिळतं का ते डॉक्टरांना विचारा, तिथे राजाला आणता येईल. भावाला लवकर आराम पडो.

कुडची_लाईन

आवाज रेकॉर्ड केला. संध्याकाळच्या वेळेला लावतो. आभारी आहे ताई.

वळीव

मी जनावरांचा डॉक्टर, चिकोडी तालुक्यात. वैद्यकीय बाजू थोडक्यात. रेबीजची लस दर वर्षी, कार्ड बरोबर. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो या कुत्र्यांच्या रोगांवरची लस वेळच्या वेळी. जंत दर तीन महिन्यांनी. लेप्टोचं महत्त्व आपल्याकडे जास्त, खानापूर भागात पाऊस धो धो, तुंबलेलं पाणी, त्यात उंदीर-घुशींचं मूत. पावसाळ्यात गोचीड वाढतात, गोचीड-तापात कुत्र्याला सुरुवातीला नुसती मरगळ असते आणि लोकांना वाटतं किती शांत आहे. अशा शांतपणावर जाऊ नका, रक्त तपासा. गजकर्णाचा चट्टा दिसला की बरं होईपर्यंत भेटी बंद. नखं गोल घासलेली हवीत, म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, साध्या ओरखड्यानं रक्त येतं.

आणि ओरखडा आलाच, तर लस घेतलेलं कुत्रं आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, डॉक्टरांना दाखवायचं, वहीत नोंद करायची. पुढचं ते ठरवतील. हे पहिल्या दिवसाच्या आधीच लिहून भिंतीवर लावा.

जून ते सप्टेंबर भेटी नकोत असं माझं मत. ओलं कुत्रं, चिखलाचे पाय आणि दवाखान्याची फरशी, घसरून पेशंट पडायचा.

हिंडलगा_रोड

सगळं वाचलं. एवढी काळजी घेणार असाल तर माझी हरकत मागे. पण तक्रार करायची जागा असू द्या, एक नाव, एक फोन नंबर, दवाखान्याच्या माणसाचा. नाहीतर काही झालं की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, हे मी भोगलंय. आणि ती नातेवाइकांची जागा ठरवाल तेव्हा तिथे पंखा, पिण्याचं पाणी आणि बायकांच्या संडासाची कडी या तीन गोष्टी बघूनच ठरवा. कुत्र्याच्या निमित्तानं का होईना, तेवढं होऊ दे. अर्ज लिहायचा असेल तर मी लिहितो, चाळीस वर्षं कचेरीत तेच केलंय.

राकसकोप

दादा, अर्ज तुम्हीच लिहा. अर्जातच या तीन गोष्टी घालू. आमच्या विभागप्रमुखांशी मी बोलले. त्यांनी नकार दिलेला नाही, संसर्ग समितीसमोर कागद ठेवा म्हणाल्या. सिस्टर, तुम्ही लिहिलंत ते नियम मी एका पानावर उतरवते, तुम्ही तपासून द्या. अझमनगर भाऊ, परवानगीच्या कागदात "नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडणार नाही" हे वाक्य मोठ्या अक्षरात हवं, तिन्ही भाषांत. आधी फक्त फिजिओथेरपीचा हॉल, आठवड्यातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर. ते नीट चाललं की आयसीयूबाहेर बसणाऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत. आता कुत्रं हवं, आणि त्याहून जास्त त्याचं माणूस हवं.

खानापूरकर

माझ्या लेकीची लॅब्रॅडोर आहे, चिंगी. कुणीही आलं की पोट वर करून पडते. जमेल काय तिला?

पुण्यात_बेळगावकर

काका, पोट वर करणं कधी लाडानं असतं, कधी घाबरून. शेपूट सैल आहे का आवळलेली ते बघा. वय दोन वर्षांच्या वर आहे का? नखं कापू देते का? लोकांच्या अंगावर उडी मारते का? लेकीला सांगा, तिला बसस्टँडच्या बाहेर लांब उभं करून दहा मिनिटं नुसतं बघत बसा, गाड्या, हमाल, पोरंबाळं सगळं जाऊ दे, आणि ती तुमच्याकडे वळून बघते का ते पाहा. जी कुत्री गोंधळात आपल्या माणसाकडे वळून बघते तिला शिकवता येतं. मी दिवाळीत बेळगावला येतोय, पण फटाक्यांच्या दिवसांत सगळीच कुत्री बिथरलेली असतात, तेव्हा तपासणी खरी होणार नाही. तुळशीचं लग्न आटोपलं की एका रविवारी सकाळी येतो, तोवर लसीचं कार्ड शोधून ठेवा.